बिनफटीचं दार

ज्या घरात बाथरूम एकच असते, त्या घरात सकाळी लोकशाही नसते. ज्याला आधी जाग येईल तो राजा, आणि बाकीच्यांनी खांद्यावर टॉवेल टाकून येरझाऱ्या घालायच्या. वाचकहो, हे तुम्हाला मी सांगायला नको. पण सुतारकाम करणाऱ्या एका मिस्त्रींच्या घरात यंदाच्या थंडीत जरा निराळाच कारभार सुरू झाला होता. मुलगी आंघोळीला गेली, की तिची आई बाथरूमच्या दाराबाहेर स्टूल टाकून बसायची आणि थोड्या थोड्या वेळाने दारावर टकटक करायची.

"चिंगी, आहेस ना गं?"

"आहे!"

"नुसतं आहे म्हणू नकोस, काहीतरी बोलत राहा."

"काय बोलू? साबण संपलाय!"

ही चिंगी म्हणजे काही कुक्कुलं बाळ नव्हे. बापापेक्षा डोकंभर उंच, शहर बस चालवायचं प्रशिक्षण पुरं केलेली आणि परीक्षेत पहिल्याच फटक्यात पास झालेली तरणीताठी मुलगी. अरुंद वळणावरून ती एवढी लांबलचक बस अशी अलगद काढायची, की मागे उभ्या असलेल्या माणसाला दांडा घट्ट धरावा लागू नये. परीक्षक म्हणाले होते, "पोरी, तू बस चालवत नाहीस, तिची समजूत काढतेस." येत्या पहिल्या तारखेला तिला डेपोत रुजू व्हायचं होतं. लहानपणापासून तिने दुसरं काही मागितलंच नव्हतं.

आणि नेमकी तेव्हाच, आईची ही स्टुलावरची टकटक सुरू होण्याआधी, ती एकदा बाथरूममध्ये कोसळली.

बादली आपटल्याचा आवाज आला म्हणून मिस्त्री धावले. दाराला कडी लावलेली नव्हती, हे नशीब. आत चिंगी फरशीवर पडलेली, हातपाय ताठ, डोळे फिरलेले, सगळं अंग थडथड उडतंय. आईने तिच्या अंगावर टॉवेल टाकला आणि टाहो फोडला. मिस्त्रींनी कधीतरी कुठेतरी ऐकलं होतं, म्हणून तिच्या दातांत चमचा घातला. त्यात दाताचा टवका तेवढा उडाला. दोन-तीन मिनिटांत अंग सैल पडलं. तिला बाहेरच्या खोलीत आणून निजवलं, तेव्हा ती शुद्धीवर आली आणि "डोकं फार दुखतंय" एवढंच म्हणाली.

तोवर दारावर थाप पडली. शेजारच्या बाई उभ्या होत्या. त्या शाळेत गणित शिकवायच्या, एकट्याच राहायच्या. मिस्त्रींच्या बायकोला त्यांची फार धास्ती होती. बोलकं माणूस, रोज शंभर घरच्या पोरांशी गाठ. त्यांच्या कानावर गेलेली गोष्ट गावभर व्हायला कितीसा वेळ लागणार?

"काय पडलं हो एवढं?" बाईंनी विचारलं.

"बादली पडली," मिस्त्रींच्या बायकोने दार वीतभर उघडून सांगितलं आणि लावून घेतलं.

मग ती नवऱ्याकडे वळली. "अहो, ही फिटच होती. कुणाला कळता कामा नये. झाकली मूठ सव्वा लाखाची! उद्या डेपोत कळलं तर नोकरी गेली. लोकांना कळलं तर जन्माचा शिक्का बसला."

मिस्त्रींना ते पटलं. पटलं म्हणण्यापेक्षा ते घाबरले, आणि घाबरलेल्या माणसाला लपवाछपवी लवकर पटते. पुढच्या सुट्टीच्या दिवशी त्यांनी हत्यारांची पिशवी काढली. शेजारच्या बाईंच्या बाथरूमची खिडकी आणि यांच्या बाथरूमची खिडकी एकाच बोळकांडीत उघडत होती. खिडकीतून आवाज जातो, हे तर उघडच झालं होतं. शिवाय त्यांच्या बायकोच्या मते गार वाऱ्यानेही झटका येतो. मग काय, एका दगडात दोन पक्षी! मिस्त्रींनी खिडकीच्या काचेच्या पट्ट्यांवर मापात कापलेलं प्लायवूड ठोकलं आणि कडेने पुट्टी भरली. दाराखालच्या फटीला रबरी पट्टी लावली, चौकटीला आतून मऊ गादी डकवली. असं काम त्यांच्या हातचं म्हणजे बघायलाच नको. त्यांचं नावच होतं त्यासाठी. मिस्त्रींच्या दारातून वारासुद्धा परवानगी मागून जातो, असं गिऱ्हाइकं म्हणायची. काम झाल्यावर त्यांनी आत मेणबत्ती पेटवून दार लावलं, ज्योत हलते का ते पाहिलं आणि समाधानाने हात धुतले.

त्याच आठवड्यात चिंगीला दुसऱ्यांदा फिट आली. आई बाहेर स्टुलावरच होती. "आहेस ना गं?" ला उत्तर आलं नाही. ही फिट आधीपेक्षा जास्त वेळ टिकली. पुढच्या आठवड्यात तिसरी.

"रोग वाढतोय," मिस्त्री रात्री बायकोला म्हणाले. त्यांना घास गिळवेना.

डेपोत त्यांनी परस्पर फोन करून सांगितलं, की मुलीला ताप आहे, पहिल्या तारखेऐवजी आठवडाभराने येईल. हे चिंगीला कळलं, तेव्हा ती खवळली.

"बाबा, ताप? मला तीनदा फिट आलीय! हे लपवून मी स्टिअरिंगवर बसू?"

"अगं, हळू बोल. गोळ्या घेऊ गुपचूप. होईल बरं."

"आणि नाही झालं तर? माझ्या मागे पन्नास माणसं बसणार. त्यांना काय सांगू, बादली पडली म्हणून? मला बस हवीय बाबा, तुम्हाला माहीत आहे किती हवीय. पण अशी नको. आधी डॉक्टर, मग डेपो. नाहीतर मी आत्ता जाऊन सगळं सांगून येते."

मिस्त्रींचा नाइलाज झाला. त्यांनी डॉक्टरही असा शोधला, की वाटेत ओळखीचं कुत्रंसुद्धा भेटू नये. घराजवळची तीन रुग्णालयं ओलांडून, दोन बसगाड्या बदलून ते मुलीला शहराच्या पार दुसऱ्या टोकाला घेऊन गेले. तिथे मेंदूच्या विकारांच्या एक डॉक्टरबाई होत्या. पिकलेल्या केसांच्या, गळ्यात दोरीने चष्मा अडकवलेला. घाई नावाची गोष्ट त्यांना ठाऊकच नसावी, अशा त्या बोलायच्या. पत्ता विचारल्यावर मिस्त्रींनी बिनदिक्कत भलताच पत्ता ठोकून दिला. त्या दिवसांत ते ज्या घरी कपाट बनवत होते, त्या गिऱ्हाइकाचा.

डॉक्टरबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग चिंगीला विचारलं, "पहिली फिट कुठे आली?"

"बाथरूममध्ये."

"दुसरी?"

"बाथरूममध्येच."

"आणि तिसरी? झोपेत, रस्त्यावर, बसमध्ये कधी?"

"नाही. तिसरीही आंघोळ करतानाच."

"गंमतच आहे! तुझ्या फिटला दुसरी जागाच आवडत नाही म्हणायची." डॉक्टरबाई हसल्या, पण त्यांचे डोळे हसत नव्हते. "घरात आणखी कुणाला काही त्रास?"

"आईचं डोकं दुखतं, तिथे बसून कपडे धुताना. ती म्हणते चष्म्याचा नंबर वाढलाय."

"पाणी कशावर तापवता?"

"गॅसच्या गिझरवर," मिस्त्री म्हणाले. "यंदाच घेतलाय. विजेपेक्षा परवडतो."

"तो कुठे बसवलाय?"

"बाथरूममध्येच, भिंतीवर."

"आणि खिडकी आहे ना?"

इथे मिस्त्रींची छाती जरा फुगली. इतका वेळ रोगाबद्दल बोलून ते मेल्याहून मेले झाले होते. निदान हा विषय त्यांच्या हातातला होता. "खिडकी आहे, पण मी बंद केलीय. प्लायवूड मारून, पुट्टी भरून. दारालाही पट्टी लावलीय. आत मेणबत्ती लावली तर ज्योत हलणार नाही, अशी गॅरंटी!"

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं.

"मिस्त्री," त्या सावकाश म्हणाल्या, "गॅस जळायला हवा लागते. खोली बंद असली, की थोड्या वेळात हवा पुरेनाशी होते. मग गॅस नीट जळत नाही, अर्धवट जळतो. त्या अर्धवट जळण्यातून एक विषारी वायू निघतो, कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. माणसाला पत्ताच लागत नाही. तो रक्तात शिरतो आणि प्राणवायूची जागा बळकावून बसतो. मेंदूला प्राणवायू मिळेनासा झाला, की आधी डोकं दुखतं, गरगरतं. मग माणूस कोसळतो. काहींना फिट येते. काही तिथून उठतच नाहीत."

चिंगीने बापाकडे पाहिलं.

"यावर डॉक्टरांनी बराच अभ्यास केलाय," त्या पुढे म्हणाल्या. "बाथरूममध्ये फिट येणारी माणसं, अपस्मार म्हणून गोळ्या सुरू केलेली, आणि खरा गुन्हेगार भिंतीवर टांगलेला! चोर सोडून संन्याशाला फाशी. मीही अशा घरांची पाहणी करते. पण आज मी छातीठोकपणे काही सांगणार नाही. तपासण्या करू. मग मी तुमचं घर बघायला येते. तोवर गिझरला कुणी हात लावायचा नाही. पत्ता हाच ना, तुम्ही दिलेला?"

मिस्त्रींचा चेहरा उतरला. घामाघूम होऊन ते म्हणाले, "बाई, तो पत्ता... तो आमचा नाही. तिथे गेलात तर नुसतं अर्धवट कपाट बघायला मिळेल."

चिंगीने कपाळावर हात मारून घेतला. डॉक्टरबाई मात्र रागावल्या नाहीत. "असे खोटे पत्ते माझ्याकडे खूप येतात," एवढंच त्या म्हणाल्या.

मेंदूचा आलेख काढला, डोक्याचा फोटो काढला. दोन्हीत काही दोष सापडला नाही. त्यानंतर एका सकाळी डॉक्टरबाई खऱ्या पत्त्यावर आल्या. त्यांच्या पिशवीत साबणाच्या वडीएवढं एक यंत्र होतं. ते त्यांनी बाथरूमच्या कोनाड्यात ठेवलं, गिझर आणि गरम पाण्याचा नळ सुरू केला, सगळ्यांना बाहेर काढलं आणि मिस्त्रींचं ते दार लावून घेतलं.

सगळे वाट बघत उभे राहिले. पाणी पडत होतं. मिस्त्रींच्या बायकोने पदराचं टोक बोटांभोवती इतकं गुंडाळलं होतं, की बोटं पांढरी पडली होती. काही वेळाने दारापलीकडून एक बारीकशी चिरचिर ऐकू आली, भिंतीत रातकिडा अडकल्यासारखी.

"वाजतंय का काही?" मिस्त्रींनी विचारलं.

"वाजतंय. तुमचं दार फार चांगलं आहे, म्हणून ऐकू येत नाही." डॉक्टरबाईंनी स्वयंपाकघरात जाऊन सिलिंडरचा कॉक बंद केला, घरातल्या सगळ्या खिडक्या उघडायला लावल्या, सगळ्यांना मागे सरकवलं. मग श्वास रोखून बाथरूमचं दार सताड उघडलं आणि त्या झटकन बाजूला झाल्या.

काय तो आवाज! यंत्र नुसतं किंचाळत होतं. अख्ख्या घरात ती किंकाळी घुमली.

मिस्त्री मटकन खाली बसले. "म्हणजे मीच? मीच माझ्या पोरीला या विषात कोंडत होतो? स्वतःच्या हातांनी, पुट्टी भरून?"

"बाबा!" चिंगी त्यांच्याजवळ बसली.

"पहिल्या वेळी थंडीमुळे खिडकीच्या पट्ट्या बंद असतील," डॉक्टरबाई म्हणाल्या. "दाराखालून थोडी हवा येत होती, तेवढ्यावर निभावलं. नंतर तीही बंद झाली. तुम्ही मुलीला वाऱ्यापासून जपत होतात, त्यात तुमचा दोष नाही. पण मिस्त्री, खरं सांगा, ते प्लायवूड वाऱ्यासाठी होतं की लोकांसाठी?"

मिस्त्री उठले, पटाशी-हातोडी घेतली, बाथरूममधली हवा निवळली असं डॉक्टरबाईंनी यंत्र बघून सांगितल्यावर आत गेले आणि ते प्लायवूड असं उचकटलं, की पुट्टीचे पोपडे बाहेरच्या खोलीपर्यंत उडाले. रबरी पट्टी ओढून काढली. चौकटीची गादी टराटरा फाडली. बाहेर आले तेव्हा त्यांच्या डोळ्यांना धार लागली होती. पुट्टीची भुकटी गेली असेल, असं कुणीही म्हणालं नाही.

इकडे त्यांच्या बायकोचा जीव भांड्यात पडला होता. गेले कित्येक दिवस आवळून धरलेलं सगळं तिच्या तोंडून एकदम बाहेर पडलं. "म्हणजे माझ्या पोरीला ते नाही! सुटले गं बाई! आता मान वर करून फिरीन. तसल्या रोगाचं नाव नको आमच्या घरात!"

"तसल्या म्हणजे कसल्या हो?"

सगळ्यांनी वळून पाहिलं. यंत्राचा आवाज ऐकून धावत आलेल्या शेजारच्या बाई उघड्या दारात उभ्या होत्या. हातात तपासायच्या वह्यांतली एक वही तशीच राहिली होती.

"काही नाही, काही नाही," मिस्त्रींची बायको सवयीने म्हणाली. "घड्याळाचा गजर झाला."

"मला आहे तो रोग," बाई म्हणाल्या. "अपस्मार. शाळेत होते तेव्हापासून."

बाईंचा आवाज कापत होता, पण त्या थांबल्या नाहीत. "रोज गोळी घेते. कित्येक वर्षांत एकही फिट नाही. पोरांना गणित शिकवते, घर चालवते. पण या इमारतीत कुणाला सांगितलं नाही. तुम्हाला तर नाहीच. तुम्ही काय म्हणाल याची भीती वाटायची. त्या दिवशी तुमच्याकडचा आवाज ऐकला ना, तेव्हाच मी ओळखलं होतं. माझी आईही लोकांना बादली पडली असंच सांगायची. मी चौकशा करायला आले नव्हते हो. काय करायचं असतं ते मला ठाऊक होतं, म्हणून धावत आले होते. तुम्ही दार लावून घेतलंत."

वाचकहो, मिस्त्रींच्या बायकोला तोंडात मारल्यासारखं झालं! जिच्या धाकाने खिडकी बुजवली, तीच बाई भिंतीपलीकडे यांच्या धाकाने तोंड बुजवून बसली होती. दोन्ही घरं एकमेकांना भीत होती, आणि मधल्या मधे एका पोरीचा जीव जाणार होता.

"आता मी विचारते," डॉक्टरबाई मिस्त्रींच्या बायकोला म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला होता. "तुमच्या मुलीला गॅसमुळे फिट आली, म्हणून तुम्ही सुटलात. आणि खरंच अपस्मार असता तर? ती तुमची मुलगी राहिली नसती? मधुमेह असतो, दमा असतो, तसा हाही एक आजार. मेंदूतली वीज क्षणभर भलतीकडे धावते, एवढंच. शाप नाही, वेड नाही, स्पर्शाने लागत नाही. बहुतेकांची फिट औषधांनी आटोक्यात राहते. मोठी बस कदाचित चालवता आली नसती, हे खरं. पण बाकी सगळं जग तिच्यासाठी उघडं असतं. तुम्ही मात्र लपवालपवीत रोगाचं कारणही लपवून टाकलंत. पहिल्याच दिवशी जवळच्या दवाखान्यात गेला असतात, नाहीतर निदान या बाईंना आत घेतलं असतंत, तर दुसरी फिट आलीच नसती!"

मिस्त्रींच्या बायकोने पुढे होऊन शेजारच्या बाईंचा हात धरला. "माझं चुकलं हो. तोंडाला येईल ते बोलले. आत या ना. बसा. उभ्या काय राहिलात?" आणि ती रडू लागली, तशा बाईही रडू लागल्या.

मग त्या मोकळ्या, थंडगार घरात चहा झाला. चहा पिता पिता बाईंनी चिंगीला सतरंजीवर आडवं करून मिस्त्रींना दाखवलं, की फिट आलेल्या माणसाला कुशीवर कसं वळवायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी कसं सरकवायचं, हातपाय दाबून का धरायचे नाहीत. "आणि तोंडात काहीही घालायचं नाही," त्या म्हणाल्या. "चमचा नाही, बोट नाही, पाणी नाही. पाच मिनिटांत थांबली नाही, तर सरळ रुग्णवाहिका."

"आधी सांगितलं असतंत तर माझा दात वाचला असता," चिंगी सतरंजीवरून म्हणाली, आणि कित्येक दिवसांनी त्या घरात सगळे खो खो हसले.

दुसऱ्या दिवशी चिंगी डेपोत गेली. मिस्त्रीही गेले. तापाची थाप आपणच मारली, हे त्यांनी आगार प्रमुखांसमोर कबूल केलं आणि घडलं ते सगळं सांगितलं. आगार प्रमुख चिंगीला म्हणाले, "डॉक्टर म्हणतील तितके महिने तू गाडीवर बसायचं नाहीस. तोवर नियंत्रण कक्षात गाड्यांच्या वेळा सांभाळ. डॉक्टरांनी लेखी दिलं, की गाडी तुझी. फिट लपवून आली असतीस, तर मात्र मी तुला फाटकाच्या आत घेतलं नसतं."

गिझर बाथरूममधून निघून बाहेरच्या उघड्या गच्चीच्या भिंतीवर गेला. आईची डोकेदुखी नवा चष्मा न करताच थांबली. चिंगीला पुन्हा फिट आली नाही, ना त्या थंडीत, ना पुढच्या. पुन्हा तपासण्या झाल्या, डॉक्टरबाईंनी लेखी दिलं, आणि एका सकाळी चिंगी गणवेश घालून बस घेऊन फाटकाबाहेर पडली. थांब्यावर तिचे आईवडील आणि शेजारच्या बाई उभे होते. तिघांनी तिकिटं काढली आणि कुठेही जायचं नसताना शेवटपर्यंत जाऊन परत आले!

मंडळी, विषारी वायूपासून वाचायचे उपाय साधे आहेत. गॅसचा गिझर बाथरूमच्या आत नको, हवेची वाट कधी बुजवायची नाही, आणि बंद खोलीत डोकं दुखायला लागलं तर आधी मोकळ्या हवेत यायचं. पण आजाराची लाज हाही एक विषारी वायूच आहे. त्यालाही रंग नाही, वास नाही, आणि तो आपल्या घरात भरलाय हे आपल्याला कळत नाही. त्यावर उपाय एकच. बोला. डॉक्टरांशी बोला, शेजाऱ्यांशी बोला, आणि दुसरा बोलू लागला तर दार उघडून ऐका.

परवा मिस्त्री एका नव्या गिऱ्हाइकाकडे माप घ्यायला गेले होते. गिऱ्हाईक नवरा-बायको अनोळखी, घर मोठं. "आमच्या बाथरूमची खिडकी बंद करून द्या," ते म्हणाले, "फार थंडी वाजते." मिस्त्रींनी आत डोकावून पाहिलं. भिंतीवर गॅसचा गिझर होता. त्यांनी टेप गुंडाळून खिशात टाकली.

"हे काम मी करणार नाही," ते म्हणाले. "दुसऱ्या कुणाकडून करून घेऊ नका. बसा, सांगतो का ते. माझ्या मुलीला फिट यायची."

हे ते मोठ्याने म्हणाले. बाहेर जिन्यात माणसं होती, त्यांनाही ऐकू गेलं असेल.

नवरा-बायकोने एकमेकांकडे पाहिलं. मग ती बाई पुढे आली आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "मिस्त्री, आमच्याही मुलाला येते. तुम्ही कुठल्या डॉक्टरांना दाखवलंत?"